तीन विसा वर सात

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. उलट घरी पाहुणे आले की मी कंपनीला कशी नमवली ते तोच रंगवून सांगतो – आणि मी आत चहा गाळत ऐकत असते. त्याचं एखादं वाक्य चुकलं तर बाहेर येऊन दुरुस्तही करते. फक्त एक वाक्य कधी दुरुस्त केलं नाही. ते आज करायचं आहे, तुमच्यापुढं. तुम्हीच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्या माणसाला हे सांगायचं धाडस माझ्यात अजून आलेलं नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, आणि थोडं मिरवूनच सांगते. तसं न सांगितलं तर पुढचं कळायचं नाही.

मी आष्टीची. आमच्या घरातली बारावी सायन्स झालेली पहिली मुलगी. लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आले आणि दोन वर्षांत एका बियाण्याच्या कंपनीत लागले. माझं काम उगवण तपासायचं. पोत्यातलं बी पेरल्यावर उगवेल की नाही, हे ते पोतं बाहेर पडायच्या आधी बघायचं. मक्याचं सांगते. पन्नास दाणे मोजून ओल्या जाड कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, दोऱ्यानं बांधायची. एका लॉटच्या अशा आठ गुंडाळ्या. त्या उबदार खोलीत उभ्या ठेवायच्या आणि सातव्या दिवशी उलगडून, किती दाण्यांना धड मूळ आणि धड कोंब आला ते मोजून रजिस्टरात लिहायचं. दिसायला एवढंच. पण त्या आकड्याशिवाय एक पिशवी गेटबाहेर जात नसे. माझ्या अक्षरातला आकडा. त्याचा मला अभिमान होता – आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे.

त्या उबदार खोलीत माझ्याबरोबर सरूबाई होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या. कागद भिजवणं, गुंडाळ्या बांधणं, मोजून झालेल्या गुंडाळ्या मागच्या उकिरड्यावर टाकणं, हे त्यांचं काम. टाकणं म्हणते खरं, पण सरूबाई टाकत नसत. उगवलेलं बी टाकू नये, पाप लागतं, असं त्यांचं म्हणणं. कोंब आलेला दाणा न् दाणा वेचून त्या कुंपणाच्या कडेला खोचायच्या. कंपनीच्या कुंपणाला बारा महिने मका, भेंडी, काकडी असायची ती त्यामुळं. मॅनेजर वैतागायचे – हा कारखाना आहे की मळा? सरूबाई म्हणायच्या, "साहेब, तुमी इकता ते बी, अन् म्या लावते ते झाड. भांडण कशाचं?"

त्यांच्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे. पण ते नंतर. तिथं पोचायला मला वेळ लागणार आहे.

एका हंगामाच्या शेवटी कंपनीनं काही माणसं कमी केली. आमच्या प्लांटमधल्या सात-आठ बाया होत्या त्यात, आणि मीही. त्या सुमारास कामगार विम्यात नवी सोय झाली होती – कारखान्यानं कामावरून कमी केलेल्या माणसाला काही महिने बेकारी भत्ता मिळायचा. अट अशी की त्यानं आपण होऊन काम सोडलेलं नसावं, आणि चुकीसाठी त्याला काढलेलं नसावं. मालकाच्या सहीचा कागद लागायचा. बाकी बायांच्या कागदावर मॅनेजरनं मुकाट सही केली. माझ्या अर्जाला मात्र पान भरून उत्तर जोडलं. त्यात तीन विधानं होती. एक – अर्जदारानं स्वखुशीनं काम सोडलं. दोन – अर्जदारानं मॅनेजरना शिवीगाळ केली. तीन – अर्जदारानं सदुसष्ट क्रमांकाच्या लॉटची उगवण प्रत्यक्ष न मोजता रजिस्टरात आकडा लिहिला.

आता बघा. पहिलं धादांत खोटं. मला गेटवर वॉचमननं अडवलं होतं, भिंतीवर यादी डकवलेली होती. ती यादीच मी सोलून घरी आणली होती, मागच्या वाळलेल्या खळीसकट. दुसरंही खोटं. मी फक्त एवढंच म्हणाले होते – साहेब, एकदा तुमच्या डोक्याची उगवण तपासायला पाहिजे. ही शिवी आहे का? तुम्हीच सांगा. विमा कार्यालयातले साहेब तर हे ऐकून इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

तिसऱ्याकडं येते. येते मी.

वकील केला नाही. उत्तर स्वतः लिहिलं, समासाची रेघ मारून, एकेक विधान घेऊन. "विधान क्रमांक एक : साफ चुकीचे आहे. विधान क्रमांक दोन : साफ चुकीचे आहे." आणि त्याच शाईत, त्याच वळणदार अक्षरात – "विधान क्रमांक तीन : साफ चुकीचे आहे." हात अडखळला का? नाही. खरं लिहिताना आणि खोटं लिहिताना माझं अक्षर सारखंच सुरेख येतं, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या बायांना वाचून दाखवलं तर एकीनं डोळ्याला पदर लावला. आपल्या गल्लीतली एक बाई कंपनीला जाब विचारते आहे – त्यांना माझं कौतुक वाटत होतं. मलाही माझं वाटत होतं.

सुनावणीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सरूबाई घरी आल्या. एवढ्या उन्हात चालत. पाणी प्यायल्या आणि पाट असूनही फरशीवर बसल्या.

"मला बोलावून राह्यलेत तिथं," त्या म्हणाल्या. "मॅनेजर म्हन्ला, गुंडाळ्याचं सांग."

मी चहाचं आधण ठेवलं.

"माय, ईचारलं न्हाई तर म्या तोंड उघडायची न्हाई. बिलकुल न्हाई. पण ईचारलं तर खोटं मला जमत न्हाई. लई डाव करून बघितलं, जमतच न्हाई." मग जरा हसून – "तूच म्हन की, चुकलं एक डाव. शेवटी मान्सं हायेत ते बी. चुकलं म्हन्ल्यावर काय जीव घेतेत का?"

मी म्हणाले, "सरूबाई, माझं काही चुकलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उठल्या, पदर सारखा केला. "बराबर हाय," म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेर पडल्या. चहा राहिला.

आता सांगावंच लागेल. त्या लॉटचा सातवा दिवस होता आणि त्याच दिवशी आष्टीला माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा. ताई आल्याशिवाय सुपारी फुटायची नाही, असं त्यानं कळवलेलं. मला नवी साडी नेसून उजेडात पोचायचं होतं, गावानं बघावं म्हणून. सदुसष्टच्या आठ गुंडाळ्या टेबलावर होत्या. शेजारी सहासष्टच्या, मोजून झालेल्या. दोन्ही लॉट एकाच शिवारातले. मी सहासष्टचा आकडा घेतला, खरा वाटावा म्हणून त्यातून दोन कमी केले, लिहिला, सही केली. आठ गुंडाळ्या उलगडायला एक तास लागला असता. पुढची गाडी एक तासानंच होती. म्हणून हे कारण आहे असं मी म्हणत नाही.

त्या लॉटची उगवण निम्मीच होती. पिशव्या भरायच्या आधी मुख्य कार्यालयानं पुन्हा तपासणी केली, त्यात ते निघालं. ते बी कुणाच्या रानात गेलं नाही, हे नशीब – माझं नव्हे, त्या रानांचं. माझ्या चुकीतून पीक बुडालं नाही, म्हणून मी बराच काळ मनाला समजावलं की चूक झालीच नाही. असं करता येतं, माहीत आहे का तुम्हाला? सहज करता येतं.

पण सरूबाईंना कसं कळलं? इथं ते दुसरं सांगायचं येतं, जे मी मागे ठेवलं होतं.

सरूबाईंना आकडे वाचता येत नव्हते. आणि उबदार खोलीत ओल्या कागदावर लिहिलेलं टिकत नाही – पेन्सिल पुसते, चिठ्ठी गळून पडते. माझ्या आधीची माणसं लॉटांची सरमिसळ करून बसायची. सरूबाईंनी त्यावर आपलं आपण काढलं होतं. पोत्याची तोंडं शिवायच्या दोऱ्यानं त्या गुंडाळी बांधत आणि दोऱ्याच्या टोकाला लॉटचा नंबर गाठींत घालत. त्यांचं मोजणं जुन्या बायांचं – विसाचं. एक ते वीस मोजायचं, एक विसा झाला की एक मोठी गाठ, आणि परत एकपासून. सदुसष्ट म्हटलं की त्या विचारायच्या, "म्हंजी तीन विसा वर सात?" तीन मोठ्या गाठी, सात बारक्या. अंधारात बोट फिरवून लॉट सांगायच्या. इतक्या वर्षांत एकदा – एकदाही – चुकल्या नाहीत. चिठ्ठीवर माझा भरवसा नसे, गाठीवर असे. हे मला माहीत होतं. मॅनेजर कधी त्या खोलीत बसले नव्हते, त्यांना माहीत नव्हतं.

साखरपुड्याहून परत आले तेव्हाच सरूबाई म्हणाल्या होत्या, "तीन विसा वर सातची गाठ तशीच हाय की गं. उकललीच न्हाईस?" मी म्हणाले, "उकलली होती, परत बांधली." त्यांनी तो दोरा बोटात धरला. स्वतःची गाठ आणि दुसऱ्याची गाठ त्यांना कळत नसेल? त्यांनी गुंडाळ्या उकलल्या. आतले जेमतेम निम्मे कोंब वेचून कुंपणाला लावून आल्या.

सुनावणी कार्यालयातल्या एका टेबलाभोवतीच झाली. साहेब, मॅनेजर, मी, आणि दाराजवळ बाकावर सरूबाई, धुतलेल्या लुगड्यात. पहिल्या दोन विधानांचे मी तुकडे केले. यादी टेबलावर ठेवली, डोक्याच्या उगवणीचं सांगितलं. मॅनेजर लाल झाले. मुख्य कार्यालयाच्या तपासणीत आकडा चुकीचा ठरला होता, पण मी मोजलंच नाही हे त्यावरून ठरत नव्हतं; म्हणून त्यांनी सरूबाईंना पुढं बोलावलं.

सरूबाईंनी खरं ते सांगितलं. तीन वाक्यांत. गुंडाळ्या बांधलेल्याच आल्या, गाठ त्यांच्याच हातची होती, आत निम्मं बी कुजलेलं होतं.

साहेबांनी विचारलं, "पण तो सदुसष्ट नंबरचाच लॉट होता, हे कशावरून?"

"गाठीवरून, साहेब."

"गाठीवरून?"

आणि मी उभी राहिले. मला कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हणाले, साहेब, यांना अंक वाचता येत नाहीत. यांना सदुसष्टपर्यंत मोजायला सांगा, म्हणजे कळेल.

साहेबांनी सांगितलं, मोजा बरं. सरूबाई मोजू लागल्या. शांतपणे, एकेक करत. वीस आले. वीसला त्या थांबल्या. टेबलावर इकडं तिकडं पाहिलं. मग पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याला एक मोठी गाठ मारली. आणि पुन्हा – एक, दोन, तीन –

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. "बास बाई," म्हणाले, "वीसच्या पुढं गाडी जात नाही, कळलं."

सरूबाई थांबल्या. त्यांनी साहेबांकडं पाहिलं नाही, मॅनेजरकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. त्या खोलीत एकच माणूस होतं ज्याला कळलं होतं की त्या थांबलेल्या नाहीत, मोजत आहेत. आणखी दोन गाठी आणि वर सात, एवढाच वेळ हवा होता. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मी माझ्या कागदांचे कोपरे जुळवत होते.

त्या बाहेर गेल्या तेव्हा पदराला ती एक गाठ तशीच होती.

निकाल माझ्या बाजूनं लागला. त्यात एक ओळ होती – "साक्षीदारास अंकज्ञान नसल्याने तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही." ती ओळ मी किती वेळा वाचली असेल? माझ्या लिखाणापेक्षा चांगली होती. भत्ता मिळाला. गल्लीत पेढे वाटले. माझ्याकडं बाया अर्ज लिहून घ्यायला येऊ लागल्या, आणि ते मी अजून करते, फुकट करते, चांगलं करते. आणि बियाण्याच्या धंद्यात गोष्ट पसरायला काय लागतं – मॅनेजरला तोंडावर पाडणारी बाई म्हणून दुसऱ्या एका कंपनीनं मला बोलावून घेतलं. आज तिथल्या उगवण विभागाची मी प्रमुख आहे. माझ्या हाताखाली नऊ मुली आहेत.

आणि सरूबाई? मॅनेजरनं तीच ओळ वापरली. अंकज्ञान नसलेली बाई लॉटच्या कामावर कशी ठेवायची? सरकारी कागदच तसं म्हणतो. त्यांना उबदार खोलीतून काढून अंगण झाडायला लावलं. मग कुंपणाकडची झाडं उपटली, आणि ती उपटायचं काम त्यांनाच दिलं.

एकदा जुन्या जालन्यात गिरणीवर भेटल्या. दळणाचा डबा डोक्यावर. मी बाजूला व्हायला बघत होते, पण त्यांनीच हाक मारली. "बरं झालं माय, तुला पैसे भेटले ते." मग डबा खाली ठेवून, डोळे मिचकावून – "अन् आपली मजल म्हनं विसापोतरच. छापून आलंय कागदात." आणि हसल्या. खरंच हसल्या. मी काय केलं असेल? मीही हसले.

अजून संपलेलं नाही. हे शेवटचं सांगायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून शेवटी ठेवलं.

नव्या कंपनीतही तीच अडचण होती – ओलावा, पुसट पेन्सिल, गळलेल्या चिठ्ठ्या. मी पहिल्याच महिन्यात मुलींना दोरा दिला आणि गाठी शिकवल्या. विसाच्या जागी दहा केले, तेवढीच माझी भर. सरमिसळ थांबली. मालकांनी बैठकीत माझं नाव घेतलं. आता दुसऱ्या कंपन्यांच्या मुलीही शिकायला येतात आणि त्या सगळ्या या गाठींना माझ्या नावानं ओळखतात – सुमनबाईंच्या गाठी. गेल्या हंगामात एका नव्या पोरीनं विचारलं, मॅडम, हे कुणी शोधून काढलं? साधा प्रश्न. खोलीत आम्ही दहा जणी. मॅनेजर नव्हते, साहेब नव्हते, भत्ता अडणार नव्हता, नोकरी जाणार नव्हती. कशाचीही भीती नव्हती.

मी म्हणाले, "मी."

म्हणून लिहायला बसले. भीतीनं खोटं बोलले होते, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नव्हतं. मी अभिमानानं खोटं बोलले होते, साखरपुड्याच्या दिवशीही, टेबलापाशीही. माझ्या अक्षरात चूक असू शकत नाही, एवढ्यासाठी. आणि तो अभिमान गेलेला नाही. हे लिहितानाही मी मध्ये मध्ये मागं जाऊन अक्षर बघते आहे, चांगलं आलंय का.

सरूबाई आहेत. भोकरदनकडं लेकीच्या गावी असतात. गाडी कुठून सुटते तेही मला माहीत आहे. मी गेलेले नाही. मी लिहिते आहे – आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना वाचता येत नाही. हे मला त्या टेबलापाशी माहीत होतं, आज इथं बसूनही माहीत आहे.

तेव्हाच्या उत्तरात दुरुस्ती आहे, ती अशी.

विधान क्रमांक एक : चुकीचे आहे.

विधान क्रमांक दोन : चुकीचे आहे.

विधान क्रमांक तीन : बरोबर आहे. मी त्या गुंडाळ्या उलगडल्या नाहीत. साक्षीदाराने सांगितले ते खरे आहे. साक्षीदारास मोजता येते. गाठी तिच्या आहेत.